बुडालेल्या फोनबाबत करावयाची कार्यवाही

माणूस पाण्यात पडला तर आधी त्याला बाहेर काढावं की आधी आरडाओरडा करावा, याबद्दल मतभेद आढळतात. फोनच्या बाबतीत मात्र सगळा समाज एकदिलाने वागतो. विचार करायला कोणी थांबत नाही, आणि यातच या उपकरणाचं मोठेपण आहे.

अभिलेख कक्षातले वरिष्ठ लेखनिक, ज्यांना सगळं कार्यालय 'रजिस्टर' म्हणे, त्यांचा फोन मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बादलीत पडला. (बादली निळी होती. अशी नोंद त्यांनी नंतर केली.) हे टोपणनाव उगाच पडलेलं नव्हतं. तीस वर्षांतल्या कुठल्याही फाइलचा क्रमांक त्यांना तोंडपाठ असे. साहेबांनी अर्धा विषय उच्चारताच ते मान न वळवता कपाट, कप्पा आणि पान सांगत.

पडला तेव्हा ते फोनवर माफीचा मसुदा करत होते. बायको रविवारी बहिणीकडे निघून गेली होती. कारण किरकोळ होतं. जेवताना ती काहीतरी सांगे आणि हे फोनमध्ये बघत 'हं' म्हणत, असं नऊ वर्षं चाललं होतं. जाताना ती म्हणाली होती, "बुधवार संध्याकाळपर्यंत स्वतःहून फोन केलात तर येईन. नाहीतर माझी वाट बघू नका." काय बोलायचं हे ठरवण्यात रजिस्टरांचे दोन दिवस गेले. तिसरा मसुदा 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे' इथवर पोचला असता ते नळ बंद करायला वाकले.

फोन चार सेकंदांत बाहेर आला. (बायकोला थांबवायलाही ते दारापर्यंत गेले होते, पण मध्येच एक मेसेज आला.)

पुढची कार्यवाही नमुनेदार झाली. पुसणे, झटकणे, फुंकणे, चालू होतो का ते पाहणे. कार्यालयात या विषयावर अर्धा दिवस चर्चा झाली. अकरा जणांपैकी नऊ जणांनी पाणी शोषलं जावं म्हणून तांदळात पुरायला सांगितलं, एकाने पंख्याखाली धरायला, आणि शिपाई म्हणाला, "वहिनींना दुसऱ्या फोनवरून कळवा आधी, काळजी करत असतील." विषयाला धरून नसल्याने ही सूचना विचारात घेतली गेली नाही.

घेऊनही उपयोग नव्हता. बायकोचा नंबर रजिस्टरांना पाठ नव्हता. परगावी असलेल्या मुलीचाही नव्हता. मेव्हणीकडे ते सात वेळा गेले होते, पण सातही वेळा रस्ता फोनने दाखवला होता. शेजारच्या वहिनींना विचारता आलं असतं; पण मग बायको निघून गेली आहे आणि तिचा नंबर आपल्याला माहीत नाही, या दोन्ही बाबी एकाच अर्जात कबूल कराव्या लागल्या असत्या.

दुरुस्तीवाला म्हणाला, "तांदळाने काही होत नाही साहेब. ठेवून जा, उघडून साफ करतो. शनिवारी या." शनिवार बुधवारनंतर येतो. त्यामुळे तांदूळच करायचं ठरलं.

इथे पेच पडला. घरात तांदूळ होता याबद्दल शंका नव्हती, कारण तो रोज ताटात येई. कुठून येई, याची नोंद नव्हती. (घरात असलेली वस्तू दुकानातून पुन्हा खरेदी करणं नियमात बसत नव्हतं.) रजिस्टरांनी स्वयंपाकघराची पद्धतशीर तपासणी हाती घेतली. फळ्यांवरचे एकूण डबे एकतीस, चिठ्ठी लावलेले शून्य. एकात साखर, एकात बटणं, एकात त्यांनीच लग्नाआधी बायकोला लिहिलेली पत्रं. ती तांदूळ नसल्याने परत ठेवण्यात आली.

बायकोला विचारावं, तर नंबर फोनमध्ये. फोन वाचवावा, तर तांदूळ कुठे ते बायकोला ठाऊक. एरवी अशा प्रकरणावर 'प्रलंबित' असा शेरा मारून घरी जाता येतं. रजिस्टर घरीच होते.

बुधवारी पाच वाजता शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या. ओट्यावर एकतीस डबे आणि मधोमध टॉवेलात गुंडाळलेला फोन बघून त्यांनी वाटी तशीच खाली ठेवली. "थांबा भावोजी," एवढंच म्हणून त्यांनी आपल्या फोनवर एकेक आकडा दाबत नंबर लावला (पाठ होता) आणि फोन रजिस्टरांच्या हातात दिला.

"बोला ना वहिनी," पलीकडून बायको म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "हे वेळेवर जेवतायत का हो?"

या आवाजावाचून आपलं किती अडलं होतं, हे रजिस्टरांना त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. मसुद्यातला एकही शब्द आठवेना. समोर टॉवेलातला फोन होता.

"अगं," ते म्हणाले, "तांदूळ कुठे आहे?"

तिने विचारलं तेव्हा तिचा आवाज मऊ झाला होता. "का? भात लावताय?"

रजिस्टर खोटं बोलणारे नव्हते. "नाही," ते म्हणाले, "फोनसाठी हवाय."

"ओट्याखाली, डावीकडचा मोठा डबा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शुक्रवारी फोन ठणठणीत बरा झाला. नंबर जसाच्या तसा मिळाला. रजिस्टर तो दर अर्ध्या तासाने लावतात. ती उचलत नाही.

वाचकांना रजिस्टरांचं हसू आलं असेल तर आमची हरकत नाही. फक्त जवळचा फोन जरा पालथा ठेवा आणि आपल्या माणसाचा नंबर एकदा मोठ्याने म्हणा. आम्ही थांबतो. तांदळाचं नंतर विचारू.