तात्यांचे कळे

कानडी मुलखातल्या रामनगरच्या टोकाला जी नवी वसाहत आहे, तिचे अध्यक्ष यशवंततात्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. मजुरीसाठी येऊन अंगणात उभ्या असलेल्या केशरला आणि तिच्या सोबतच्या बायकांना ते रानमोडी म्हणजे काय ते समजावून सांगत होते. ज्यांचा अर्धा जन्म ते झुडूप उपटण्यात गेला, त्यांनाच. रानमोडी परदेशातून आली, ती दुसरं काही उगवू देत नाही, गुरं तिला तोंड लावत नाहीत, हे सारं ज्ञान तात्यांना आदल्या दिवशी मोबाईलवर झालं होतं. वसाहतीत वाचणारे आपण एकटेच, बाकीचे खाऊन झोपणारे, असं त्यांचं ठाम मत होतं.

वसाहतीमागे ओढ्याकाठी जुन्या झाडांची थोडी राई उरली होती आणि ती रानमोडीनं पार गिळली होती. वर्षभर तात्या सभा घेत होते आणि रानमोडी वाढत होती. शेवटी दुकानदार महेशनं भर सभेत सांगितलं, की वनखात्याचे साहेब राई बघायला येतायत. तोवर ती आवरली नाही, तर अध्यक्ष बदलायचा. घरात तात्यांचा शब्द कोणी झेलत नव्हतं, झेलायची ती वसाहतच. अध्यक्षपद गेलं तर बोलायचं कुणापुढं?

साहेबांचा फोन कानडीतून आला होता आणि त्यात 'कळे' हा शब्द होता. कानडीत कळे म्हणजे तण. तात्यांना तो शब्द भारी सरकारी वाटला. तण काय, कोणीही गावंढळ म्हणतो.

"राईपासून माझ्या परसापर्यंत सगळे कळे काढायचे," त्यांनी फर्मावलं.

केशर घुटमळली. कानडी तिलाही येत होतं, पण चालू मराठीत मधेच कळे म्हटलं, तर इकडच्या माणसाला फुलांचे कळेच दिसणार. "कळेच व्हय तात्या? झाडं ऱ्हाऊ द्यायची?"

"कळे म्हंजे कळे. आता तू मला शिकीवणार?"

साहेबांच्या हारासाठी पाहिजे असतील, अशी केशरनं समजूत करून घेतली. राईत गोचिडी फार, म्हणून तात्या तिकडे फिरकले नाहीत. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात नव्हता.

संध्याकाळी व्हरांड्यात टोपल्या आल्या. त्यांत रानमोडीचे कळे गच्च भरलेले, आणि एका टोपलीत शेवंतीचे. ही शेवंती तात्यांच्या बायकोनं, लक्ष्मीअक्कांनी, उळवीच्या जत्रेसाठी परसात पोटच्या पोरासारखी जपली होती आणि त्या नेमक्या खानापूरला माहेरी गेल्या होत्या. तात्या राईकडे धावले. रानमोडी पुरुषभर उंच, जशीच्या तशी उभी. केशरला शिव्या घालाव्यात, तर शब्द आपलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मीअक्का परतल्या, परसात गेल्या आणि बाहेर आल्या त्या हातात रिकामी टोपली घेऊन. तात्यांना हे फार वाईट लक्षण वाटलं. तेवढ्यात वनखात्याचे शिवानंद साहेब आले, मागोमाग महेश, नवा शर्ट घालून. सगळे राईत गेले. साहेबांनी एक फांदी वाकवली, मग दुसरी.

"ही कल्पना कुणाची?" साहेबांनी विचारलं. "फुलायच्या आधीच कळे खुडले. आता ह्या वर्षी बी उडायचं न्हाई."

महेशचा चेहरा पडला. तात्यांचा लगेच उजळला. लाज त्यांना कधी जड गेली नव्हती. "माजीच," ते म्हणाले. "ह्या बायकांस्नी काय कळतंय? लई समजवावं लागलं."

साहेब खूश झाले. पण मूळ जिवंत आहे, ते म्हणाले. बाजूनं परत कळे येतील. पाऊस पडून माती मऊ होईतोवर ते हातानं खुडत राहावं लागेल, मग मुळासकट उपटायचं. हे कोण करणार?

केशर आभाळाकडे बघू लागली. लक्ष्मीअक्कांनी रिकामी टोपली पुढं केली.

"हेच करतील, साहेब. कळे फकस्त ह्यास्नीच कळत्यात."

महेशनं तिथल्या तिथं ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. तात्या अध्यक्ष राहिले. हल्ली कोणाला त्यांना भेटायचं असेल, तर राईत जावं लागतं, आणि गोचिडी फार म्हणून कोणी जात नाही.