मागच्या सीटवरचे उत्तम मिस्त्री

कापसाच्या दिवसांत मी माझ्या गाडीच्या तोंडाला मच्छरदाणी लावली आणि नंतर साफ विसरलो.

परतूरच्या रस्त्यावर कापसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की पांढरे पुंजके उडत राहतात. ते आत जाऊ नयेत म्हणून पुढच्या जाळीमागे ही व्यवस्था. मी शाळेत आठवीला उष्णतेचा धडा शिकवतो, त्यामुळे अडाणीपणाचं निमित्तही मला सांगता येत नाही.

उन्हाळा लागला आणि एसी गरम हवा फेकू लागला. दोन गॅरेजवाल्यांनी गॅस कमी आहे म्हणून गॅस भरला. या सगळ्या काळात माझी आई आठवड्यातून दोनदा त्याच गाडीच्या मागच्या सीटवर पडून जालन्याला डायलिसिसला जात होती.

"हवा गरम येऊन राह्यली रं," ती म्हणायची.

गाडी पळत असली की पुढे मला थोडंफार गार लागायचं. मी आरशातून तिच्याकडे बघत समजवायचो, "आई, आजारपणात अंगाला तसं वाटतं."

एका सोमवारी परतताना तिला दोनदा उलटी झाली. घरी उतरल्यावर भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आता म्या जानार न्हाई. मरायचं तं घरात मरते. भट्टीत न्हाई."

खेप चुकली तर काय होतं, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. गुरुवारी सकाळी मी तिच्याशी तह केला. आधी एसी, मग दवाखाना. एसी झाला नाही तर गाडी परत घराकडे.

शाळेतल्या एका सोबत्याने जालन्यातल्या मस्तगडच्या उत्तम मिस्त्रींचं नाव सुचवलं होतं. वर एवढंच म्हणाला, "माणूस जरा तर्कट आहे. गाडीत झोपतो."

ते खरं निघालं. मिस्त्री मूळचे टेंभुर्णीचे, साठीच्या घरातले, अंगाने काटकुळे. बाकीचे मिस्त्री बॉनेट उघडतात, हे आधी मागचं दार उघडतात आणि विचारतात, "मागं कोन बसतंय?" एका नवरदेवालाही त्यांनी हेच विचारलं होतं आणि तो लाजून लाल झाला होता. काम झालं की स्वतः मागच्या सीटवर आडवे होतात, डोकं डावीकडे, गुडघे पोटाशी, आणि मालकाला एक चक्कर मारायला लावतात. एकदा मागे मिरचीची पोती होती. मिस्त्री पोत्यांवर आडवे झाले, चक्करभर शिंकले, पण उठले नाहीत.

आमचं मागचं दार उघडलं तेव्हा आत आई होती. मिस्त्री तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले. नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मग जल्दी जल्दी बॉनेट उघडलं.

त्यांनी नळ्यांना हात लावला, मीटर जोडलं. "गॅस कमी न्हाई सर, ज्यास्ती हाय." मग तांब्याभर पाणी आणून पुढच्या जाळीवर ओतलं. "आता बघा."

मी गाडीत एसीच्या झरोक्यापुढे हात धरला. हवा गार!

"म्हंजी मशीन बराबर हाय. तिला वारा भेटत न्हाई." त्यांनी टॉर्च लावला, बोटं घातली आणि ओढायला लागले. कापसाने गच्च भरलेली, गोधडीएवढी जाड झालेली ती वस्तू बाहेर आली.

"हे काय हाय?"

"मच्छरदाणी," मी म्हणालो.

"गाडीला मलेरिया झाल्ता का?"

जास्तीचा गॅस काढून झाला. मिस्त्री आईपुढे वाकले. "माय, जरा पुढं बसा." आणि मागे आडवे झाले.

मी गाडी काढली. "चौकात थांबवा," मागून हुकूम आला. "उभ्या गाडीत बी गार पायजे." भर उन्हात चौकात आम्ही थांबलो. मिस्त्रींचे डोळे मिटलेले, तळहात दोन सीटांच्या मधे वर धरलेला. हवा गार होती, तरी हात खाली येईना.

आई मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. "मागं कोन व्हतं रं बाबा तुझं?"

"घरवालीच, माय." डोळे मिटलेलेच. "टेंभुर्णीहून दवाखान्यात आनत व्हतो. भाड्याची गाडी. हवा गरम हाय म्हनली. म्या म्हनलो, तुला ताप हाय, म्हनून तसं लागून राह्यलं."

"मंग?"

"मंग ती काई बोललीच न्हाई. दवाखाना याच्या आदीच गेली. तवा मी ट्रॅक्टरचं काम करायचो, एसीतलं काई कळत नव्हतं. पन हात लावून तं बघता आलं असतं."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मी गिअर टाकला. आरशात बघायची माझी हिंमत झाली नाही.

दुकानापाशी मिस्त्री उतरले. आईला हाताला धरून मागे निजवलं, तिच्या डोक्याखाली उशी सारखी केली. मग दार न लावता तसेच उभे राहिले.

"माय, जाता ना दवाखान्यात?"

"जाते रं बाबा," आई म्हणाली. "तू तरी मागं पडून बगितलं. हा मास्तर दोन महिने आरशात बगून मला शिकवून राह्यला व्हता."