काळ्या किनारीची सभा

वर्गणी का वाढवायला हवी हे सभासदांना पटवून देणारं भाषण घड्याळजींनी पुन्हा एकदा फाडलं, डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं आणि दुकानाबाहेर पाहिलं. बाहेर आभाळ ओल्या चादरीसारखं लोंबत होतं. आत भिंतीवरची दुरुस्तीला आलेली घड्याळं आपापली वेगवेगळी वेळ दाखवत होती आणि त्यातली एकही चांगली वाटत नव्हती.

घड्याळजी हे ‘शेवटची सोबत मंडळा’चे सचिव. मंडळाचं काम नावातच होतं. सभासदाने आयुष्यभर वर्गणी भरायची आणि तो गेला की बाकीच्यांनी हातातली कामं टाकून त्याच्या दारी जमायचं, खांदा द्यायचा, मंडळाच्या काळ्या गाडीमागून शेवटपर्यंत चालायचं. कोणी एकट्याने जायचं नाही, एवढाच उद्देश. पण अलीकडे मंडळच अखेरच्या घटका मोजायला लागलं होतं.

त्या गाडीचंच बघा ना. ती इतकी म्हातारी झाली होती की मागच्या खेपेला मागून चालणारी मंडळी पुढे निघून गेली, कुठेतरी बसून निवांत चहा प्यायली आणि गाडी कुठे राहिली म्हणून बघायला परत आली, तर ती अजून कोपऱ्यावरच. तिचा हॉर्न एकदा सुरू झाला की थांबत नसे. जन्मभर कुणाशी चढ्या आवाजात न बोललेल्या एका मास्तरांना त्या बोंबेत पोचवावं लागलं. नवं इंजिन घ्यायचं तर पैसे हवेत, पैशासाठी वर्गणी वाढवायला हवी, वर्गणी वाढवायची तर निम्मे सभासद सभेला हवेत आणि अध्यक्षांची हरकत नको. सभेला कुत्रं फिरकत नसे, आणि हरकत घेणं हा अध्यक्षांचा एकुलता एक छंद होता.

या वेळी ठराव झाला नाही तर गाडी भंगारात आणि मंडळाला कुलूप. इतरांना निदान मुलंबाळं होती. घड्याळजींना होता एक भाचा, तोही समुद्रापलीकडे. थंडीत त्यांच्या शेजारचा चष्मेवाला गेला. एकटा जीव, मंडळाचा सभासदही नव्हता. खांद्याला घड्याळजी, नगरपालिकेची दोन माणसं आणि चौथा म्हणून रस्त्यावरून धरून आणलेला दूधवाला. तो वाटभर विचारत होता, “अजून किती लांब आहे हो?” तो प्रश्न घड्याळजींच्या कानातून जात नव्हता.

सभेची पत्रं छापायची परवानगी मागायला ते अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त ठेकेदार. हात इतका आखडता की कुणी हात मिळवायला गेलं तर दोनच बोटं पुढे करायचे.

“नवी कार्डं?” ठेकेदार बसल्या जागी उडाले. “कपाटात जुन्या कार्डांचा गठ्ठा सडतोय, तो कोण संपवणार?”

“साहेब, ती काळ्या किनारीची आहेत. कोणी गेलं की धाडायची.”

“मग काय झालं? किनार कोण बघतंय? मजकूर महत्त्वाचा.”

“बरं. आणि हॉलचं भाडं...”

“हॉल कशाला? माझ्या व्हरांड्यात घ्या. येणार कोण आहे? तुम्ही, मी आणि मांजर.”

घड्याळजींनी मान डोलावली. दुकानात बसून त्यांनी कार्डामागून कार्ड सुबक अक्षरात लिहून काढलं : ‘आपले अध्यक्ष, माननीय ठेकेदारसाहेब, यांच्या राहत्या घरी शनिवारी दुपारी चार वाजता सर्व सभासदांनी जमावे.’ खाली विषय, ठराव, वर्गणी, सगळं व्यवस्थित.

आता तुम्ही म्हणाल, यात चुकलं कुठे? चुकलं एवढंच, की काळी किनार पाहिल्यावर मंडळाच्या सभासदांपैकी कोणी आजवर पहिल्या ओळीखाली वाचलं नव्हतं. वाचायचं काय असतं त्यात? कोण, कुठे, किती वाजता. ते कळलं की कार्ड खिशात आणि माणूस कपाटातला काळा कोट शोधायला मोकळा.

“गेला बिचारा,” शिंपी बायकोला म्हणाला. मंडळाची गाडी चालवायचं आणि पैशांची पेटी सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. “बिचारा म्हणवत नाही, पण गेल्यावर म्हणावं लागतं.”

शनिवारी शिंप्याने गाडी बाहेर काढली. ठेकेदारांचं घर चढावर. चढाच्या पायथ्याशी गाडीने एक खोल उसासा सोडला आणि तिथेच बसली. फुलं घेऊन निघालेले सभासद मागून येतच होते. त्यांनी पुष्पचक्रं टपावर टाकली, अस्तन्या वर केल्या आणि गाडीला खांदा लावला. मध्येच शिंप्याचा हात हॉर्नवर पडला. मग काय, सगळी गल्ली दणाणून सोडत, हाशहुश करत, तळहात काळेकुट्ट करून घेत मंडळी फाटकाशी पोचली. सवयीप्रमाणे शिंप्याने फाटकाशी स्टुलावर सोबतपेटी ठेवली. जो तो आत शिरताना तिच्यात आपला वाटा टाकू लागला. गेलेल्या माणसाच्या घरी ही पेटी शेवटी द्यायची, आणि ती दिली की मंडळाकडचं त्याचं खातं बंद, असा शिरस्ता. पेटीवर ठळक लिहिलेलं होतं : पेटीत पडलेले परत नाही.

तेवढ्यात ठेकेदारांची बायको भाजी घेऊन आली. दारातली ती काळी गर्दी पाहून तिच्या हातातली पिशवीच गळली.

“वहिनी, धीर धरा,” गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तिला मिठी मारली. त्या मंडळातल्या सर्वांत वयस्क सभासद, आणि त्यांचा आवाज साध्या बोलण्यातही रडवा लागायचा.

“अहो, पण मी आत्ता तर त्यांना चहा देऊन गेले!”

“असंच असतं, वहिनी. चहा पिता पिता जातात.”

“पण काही म्हणालेसुद्धा नाहीत!”

“म्हणाले का काही शेवटचं?”

“साखर जास्त झालीय म्हणाले,” असं म्हणून वहिनींनी गळा काढला. आत जाऊन बघावं हे त्या माउलीला सुचलं नाही. सुचलं असतं तरी इतक्या बायकांच्या मिठ्यांतून सुटणं सोपं नव्हतं.

आणि ठेकेदार? ते मागच्या खोलीत कानात कापूस घालून झोपले होते. कापसाला न जुमानणाऱ्या हॉर्नने त्यांना उठवलं. मागच्या दाराने ते बाहेर आले, घराला वळसा घालून फाटकाशी गर्दीच्या टोकाला उभे राहिले आणि पुढच्या माणसाच्या पाठीवर बोटाने टकटक केली. तो शिंपी होता.

“कोण गेलं हो?”

“ठेकेदार,” मागे न बघता शिंपी म्हणाला.

“कधी?”

“वहिनी म्हणतात दुपारी. कार्ड मात्र कालच आलं.”

“झालं काय होतं?”

“काही नसेल. औषध विकत घ्यावं लागेल म्हणून गेला असेल.”

पुढचे दोघं-तिघं खुदकन हसले आणि लगेच गंभीर झाले. ठेकेदार हसले नाहीत. बराच वेळ ते तसेच उभे राहिले, एकेकाचं बोलणं ऐकत. बोलायला कुणाला विषयाची टंचाई नव्हती. एकाला त्यांनी उसनी दिलेली शिडी आठवत होती. पायऱ्या मोजून परत घेतली होती. दुसऱ्याच्या घराचा जिना त्यांनी बांधला होता आणि त्यावरून पडल्यापासून तो दुसरा अजून लंगडत होता. चांगलं काही आठवतंय का म्हणून एका म्हाताऱ्याने कपाळाला आठ्या घालून बराच प्रयत्न केला आणि शेवटी म्हणाला, “वेळेवर गेला.”

अशा वेळी घड्याळजी बगलेत भाषण घेऊन फाटकातून आत आले. गर्दी पाहून त्यांचा ऊर भरून आला. इतके सभासद! आणि वर्गणीसाठी! ते तडक व्हरांड्याच्या पायरीवर चढले. “मंडळी, आज आपण सगळे आलात, मी धन्य झालो. आता खर्चाकडे वळतो. टायर...”

टायर हा शब्द ऐकून गाण्याच्या बाईंना हुंदका आला. एकदा रडायला बसलेल्या माणसाला टायरसुद्धा पुरतो.

“घड्याळजी, खर्चाचं मागून बघू हो,” शिंपी ओरडला. “आधी माणूस बाहेर आणा.”

“कुठला माणूस?”

“हा इथे आहे!” ठेकेदार मागून गरजले.

वहिनी किंचाळल्या. शिंपी वळला आणि ज्याच्याशी इतका वेळ बोलत होता त्याला पाहून स्टुलावर बसला, म्हणजे पेटीवरच. मग जो गोंधळ उडाला तो सांगण्यासारखा नाही. कार्डं बाहेर निघाली, पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली गेली आणि मग सगळे मिळून घड्याळजींवर तुटून पडले. दुकानं बंद ठेवली, फुलं आणली, गाडी ढकलली, आणि हे काय? वर्गणीवाढ?

“आमचे पैसे परत द्या!” कोणीतरी पेटीकडे झेपावलं.

“परत मिळणार नाहीत,” ठेकेदार शांतपणे म्हणाले. त्यांची नजर पेटीवर खिळली होती. “लिहिलंय तसं. पेटी गेलेल्याच्या घरी द्यायची. हे माझं घर.”

“पण तुम्ही गेलेले नाही, साहेब,” घड्याळजी म्हणाले.

“कार्ड कुणी धाडलं? तुम्ही. गाडी आली? आली. माझ्याबद्दल बोलायचं ते बोलून झालं? पोटभर झालं. मग राहिलं काय?”

“अहो, अभद्र काय बोलताय!” वहिनी म्हणाल्या.

“तू गप गं. नुसतं कागदोपत्री मरायचंय, त्याला काय लागतं?”

घड्याळजींनी घाम पुसला. “साहेब, एकदा पेटी घेतली की मंडळाच्या लेखी तुम्ही हयात नाही. विचार करा.”

“झाला करून.” ठेकेदारांनी शिंप्याला उठवलं आणि पेटी उचलून छातीशी धरली.

गाण्याच्या बाईंनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि त्या पायरीवर चढल्या. “अध्यक्ष आपल्यात राहिले नाहीत. नियमाप्रमाणे सर्वांत वयस्क सभासदाने सभा चालवायची, म्हणजे मी. घड्याळजी, वाचा तुमचं भाषण.”

घड्याळजींनी कागद उलगडले. मग समोर पाहिलं. प्रत्येकाचे तळहात वंगणाने काळे होते. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. “गाडी तुम्ही ढकललीच आहे,” ते म्हणाले. “आणखी काय सांगू?”

“वर्गणीवाढीच्या बाजूने हात वर करा,” बाई म्हणाल्या.

काळे हात एकेक करून वर गेले.

“हरकत!” ठेकेदार ओरडले. “माझी हरकत आहे!”

बाईंनी कान टवकारले. “कोणी काही बोललं का?”

“छे,” शिंपी म्हणाला. “वारा असेल.”

ठराव झाला. निघताना सगळ्यांनी पुष्पचक्रं ठेकेदारांच्या पायरीला टेकवून ठेवली. उतारावर गाडी विनातक्रार घरंगळत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी दुकान उघडत होते तर दारात ठेकेदार. हातात चांगलं चालणारं घड्याळ.

“हे जरा बघा. मागे पडतंय.”

“नाही पडत.”

“बरं.” ते स्टुलावर बसले. “काल मी मागे उभा राहून सगळं ऐकलं. एकाच्याही तोंडी बरा शब्द नव्हता.”

“नव्हता.”

“तरी आले सगळे. तो जिनेवालासुद्धा. लंगडत.”

“आपलं मंडळ सोबतीचं आहे, साहेब. कौतुकाचं नाही.”

ठेकेदार घड्याळाची किल्ली उगाच फिरवत राहिले. “आता मी खरंच गेलो, तर?”

“तुमचं खातं कालच बंद झालं.”

“म्हणजे कोणी येणार नाही?”

“दूधवाला येईल. विचारून बघतो.”

ठेकेदारांचा चेहरा पडला. “नवा सभासद होता येतं का?”

“येतं. प्रवेश फी, आणि वर्गणी नव्या दराने. शिवाय पहिलं वर्षभर सोबत मिळत नाही.”

“वर्षभर मरायचं नाही?”

“मरू शकता. पण आपलं आपण.”

ठेकेदारांनी लांबलचक सुस्कारा सोडला, खिशातून कालच्याच पेटीतली नाणी काढली आणि जड हाताने टेबलावर मांडली. अर्ज पुढे ओढून ते लिहू लागले. ‘प्रथम कोणाला कळवावे’ या ओळीवर त्यांनी बायकोचं नाव लिहिलं आणि लेखणी थांबवली.

“तुमच्या अर्जावर इथे कोण आहे?”

“रिकामं आहे,” घड्याळजी म्हणाले. “भाच्याचा पत्ता बदलत असतो.”

भिंतीवरच्या एका घड्याळाने भलत्याच वेळेचे ठोके दिले. ते संपल्यावर ठेकेदारांनी लेखणी खाली ठेवली.

“माझं घाला,” ते म्हणाले. “कळवा, मी येईन. पण फुलं आणणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.”