भागोजी तरसाच्या पोटातली फौज

मुलांनो, एका जंगलात भागोजी नावाचा एक तरस राहत होता. तरसांचं खानदान म्हणजे पचनाचं खानदान. त्याचे आजोबा म्हशीची शिंगं चावून खायचे आणि वर पाणीसुद्धा प्यायचे नाहीत.

भागोजीला मात्र सशाची तंगडी बाधायची.

पहिल्यापासून असं नव्हतं. पूर ओसरल्यावर त्याने एक फुगलेला रेडा खाल्ला आणि कितीतरी दिवस तो नुसता धावत होता. मग जुलाब थांबले, ताप उतरला. पण पोट पूर्वीसारखं झालंच नाही. काही खाल्लं की कळ यायची, पोट टम्म फुगायचं आणि चारचौघांत बसलेला भागोजी मधेच उठून पळायचा.

त्याला लहानाचं मोठं केलं होतं गजराआत्याने. ती म्हणाली, "अरे, पौर्णिमेला मुलीकडची माणसं येणार. त्यांच्यासमोर हाडं फोडून दाखवायची रीत आहे आपल्यात. तू काय पाठ दाखवणार आहेस?"

भागोजी घुबडवैद्याकडे गेला. घुबडाने पोट दाबलं, जीभ पाहिली, मान पार मागे फिरवून विचार केला.

"पोट उत्तम आहे," घुबड म्हणालं. "हे सगळं मनाचं. विचार कमी करत जा."

भागोजी घरी जाऊन विचार न करण्याचा विचार करत बसला. पोट जास्तच दुखलं.

शेवटी तो साळूबाई साळिंदरीकडे गेला. तिने आपला सर्वांत बारीक काटा घेतला, आतड्याचा कणभर तुकडा अलगद काढला आणि दवाच्या थेंबाखाली धरला.

"अरे बाबा," ती म्हणाली, "इथे तर पहारेकऱ्यांची जत्रा भरलीय."

(मोठी माणसं त्यांना रोगप्रतिकारक पेशी म्हणतात. आत शिरलेल्या जंतूंशी लढणं हे त्यांचं काम. आपण पहारेकरीच म्हणू.)

"रेड्यातले जंतू कधीच मेले," साळूबाई सांगू लागली. "पण यांना घरी जा म्हणून कुणी सांगितलंच नाही. आणि बसलेत कुठे, तर नसांना खेटून. साधं मांस आलं तरी यांना शत्रू आल्यासारखं वाटतं. मग हे मिरचीपूड उधळतात. नस कळवळते, आतडं पिळवटतं आणि तू पळतोस."

"म्हणजे मला खरंच काहीतरी झालंय?"

"झालंय तर."

"मनाचं नाही?"

"मन घाबरलं की हे जास्त बिथरतात, एवढं खरं. पण सुरुवात मनाने केलेली नाही."

भागोजी हसू लागला. तो इतका हसला की झाडावरचे होले उडाले. त्याने स्वतःभोवती गिरक्या घेतल्या, साळूबाईला मिठी मारायला गेला आणि वेळेवर थांबला.

"उपाय तरी ऐक," साळूबाई म्हणाली. "बाधेल ते टाळ. थोडं थोडं खा. पहारेकरी हळूहळू निवतील. निवतीलच असं मात्र नाही."

पण भागोजी नाचत नाचत निघूनही गेला होता.

पौर्णिमेला पाहुणे आले. हाडं मांडली गेली. गजराआत्या घसा साफ करून म्हणाली, "आमचा मुलगा हाडं फोडत नाही. त्याच्या पोटात फौज आहे. तिच्या परवानगीशिवाय आत काही जात नाही."

मुलीचे वडील चाट पडले. "आमच्या भावकीत असं कुणाकडेच नाही हो," ते म्हणाले आणि लग्न ठरलं.

बातमी जंगलभर झाली. लांडगा साळूबाईकडे धावला. तिने तपासून सांगितलं, "तुझं पोट ठणठणीत आहे."

"मला काय भिकारी समजलीस?" लांडगा म्हणाला आणि घुबडाकडे गेला. घुबडाने दारावर पाटी लावली होती: 'अस्सल पहारेकरी तपासून मिळतील.' त्याला प्रत्येकाच्या पोटात फौज सापडली. रानडुकराच्या पोटात तर घोडदळ निघालं.

लग्नाच्या दिवशी माळ घालतानाच भागोजीला कळ आली. आता त्याला लाज वाटली नाही. "आलोच," असं नवरीला सांगून तो करवंदीच्या जाळीकडे पळाला.

जाळीत लांडगा बसला होता. पुढच्या जाळीत रानडुक्कर होतं. त्यापलीकडे माकडं, कोल्हे, दोन सांबरं आणि अर्धं वऱ्हाड रांग लावून उभं होतं.

"अहो, मला खरंच लागलीय," भागोजी पाय आवळत म्हणाला.

"रांगेत या," लांडगा आतून म्हणाला. "सगळ्यांनाच आहे."

तात्पर्य: मुलांनो, दुखणं नुसतं खरं असून चालत नाही, ते दिसावं लागतं. आणि एकदा दिसलं की चुकूनही कुणाला दाखवू नये.