बिराजदारांची चाकं

दसऱ्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओळीनं गाड्यांची पूजा होते. हार, हळदकुंकू, नारळ, आणि शेवटी प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू. मालक गाडी वीतभर पुढे घेतो, लिंबं फुटतात, सगळे टाळ्या वाजवतात. बिराजदारांच्या गाडीला मात्र अलॉयची, म्हणजे हलक्या चकचकीत धातूची चाकं, आणि त्यांच्याखाली लिंबू ठेवायला बंदी आहे.

"लिंबात ॲसिड असतंय," ते गुरुजींना सांगतात. "अलॉयला डाग पडतो. एकदा पडला की जात न्हाई."

पहिल्या वर्षी गुरुजींनी वाद घालून पाहिला. लिंबू टायरखाली जातं, तुमचं अलॉय त्याच्या आत, केवढं वर असतं! "पिचकारी उडती की," बिराजदार म्हणाले. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. डिकीतून स्टेपनीचं लोखंडी चाक काढलं आणि अंगाचा भार टाकून लिंबावरून ढकलत नेलं. लिंबू फुटलं, गुरुजींनी दक्षिणा घेतली. आता दरवर्षी असंच होतं, आणि आपापल्या गाड्यांची पूजा उरकलेली माणसं केवळ हे बघायला थांबतात.

बिराजदार आमच्या समोरच्या दारात राहतात. मूळचे लातूरकडचे, पुण्याजवळ मोशीत येऊन बरीच वर्षं झाली. उंच, किंचित वाकलेले, मिशी अर्धी पांढरी. चाकणच्या एका कंपनीत ब्रेकपॅड तयार होतात, तिथे ते सुपरवायझर आहेत. गंमत अशी की अलॉयच्या चाकांवर जी काळी भुकटी साचते, ती ब्रेकपॅड झिजूनच पडते. म्हणजे सहा दिवस माणूस जे बनवतो तेच सातव्या दिवशी चाकावरून पुसत बसतो. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "मॅडम, आमचा माल कमी झिजतो. ही दुसऱ्या कंपनीची भुकटी हाय."

रविवारी सकाळी ऊन पार्किंगमध्ये शिरायच्या आत ते खाली उतरतात. दोन बादल्या, एक गाडीची, एक चाकांची. फडकीही वेगळी. चाकाचं फडकं चुकून गाडीच्या बादलीत पडलं तर ते पाणी ओतून देतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नटांच्या खाचांसाठी जुने टूथब्रश. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, त्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा. सोसायटीत टँकरवरून भांडणं चालू असताना हा माणूस फिल्टरचं पाणी तांब्या-तांब्यानं चाकावर सोडतो. मग पुसणं, मग मेणाचा पातळ हात, मग पुन्हा पुसणं. शेवटी चारी चाकांशेजारी लाल पाण्याच्या बाटल्या ठेवतात. लाल पाण्याला कुत्री भितात असा त्यांचा विश्वास आहे. कुत्र्यांचा तसा नाही, पण बाटल्या आहेत.

त्यांचं एक पेटंट वाक्य आहे, "थंड होऊ द्या." गाडी चालवून आल्यावर तापलेल्या चाकावर पाणी मारायचं नाही, तिथून हे वाक्य निघालं आणि सगळीकडे पसरलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तर बिराजदार मागच्या खुर्चीवरून "थंड होऊ द्या." माझी फोडणी करपली आणि धूर जिन्यात गेला, तर दारातून "थंड होऊ द्या, मॅडम, लगेच पाणी टाकू नका."

आमच्या गाडीची चाकं मुळात कुठल्या रंगाची होती ते आम्हाला आठवत नाही. बिराजदार जाताना तिकडे बघत नाहीत. आजारी माणसाच्या खोलीवरून जाताना लोक कसे नजर टाळतात, तसं.

ते गाडी चालवतात फार जपून, आणि तीसुद्धा क्वचितच. कंपनीची बस गेटवर येते. गाडी निघालीच तर खड्डा दिसला की ते बाजूला थांबतात, खाली उतरून खड्डा बघतात, मागून शिव्या येतात, ते हात जोडतात आणि पुन्हा गाडीत बसतात. त्यांच्या बायकोनं, सुनंदाताईंनी, एकदा म्हटलं होतं की मीही चालवायला शिकते.

"फुटपाथला घासशील," ते म्हणाले. विषय तिथेच संपला. सुनंदाताईंना घरात कमी बोलायची सवय आहे.

सुनंदाताईंची आई त्यांच्या भावाकडे चाकणला असते. भाऊही कंपनीत. गेल्या वर्षी एका दुपारी सुनंदाताई माझ्या दारात आल्या. हातात गाडीची किल्ली, पायात चप्पल नाही.

"मॅडम, आई बाथरूममधी पडली. शेजारणीचा फोन आला. भाऊ शिफ्टला हाय, ह्यांचा फोन लागंना."

लागणार कसा? कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करतात. रिक्षावाला चाकणचं नाव ऐकून पुढे जात होता. मी शाळेत शिकवून नुकतीच आले होते. माझी स्कूटर काढली. निघताना सुनंदाताईंनी पार्किंगमध्ये एकदा मागे वळून पाहिलं. चार लाल बाटल्यांच्या मधे गाडी झगझगत उभी होती. किल्ली अजून त्यांच्या मुठीतच होती.

नाशिक रस्ता त्या दिवशी ट्रेलरनी भरला होता. चिंबळी फाट्यापासून आम्ही पायानं ढकलत निघालो म्हटलं तरी चालेल. वाटेत पाऊस आला, सुनंदाताईंनी माझ्या पाठीवर डोकं टेकलं. पोचलो तेव्हा शेजारच्या लोकांनी आईला दवाखान्यात नेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. शेजारीण म्हणाली, किती तरी वेळ म्हातारी ओल्या फरशीवर पडून होती, उचलायला गेलं की ओरडायची, आणि दाराकडे बघून सारखं विचारायची, "सुनंदा निघाली का? गाडी हाय तिच्याकडं."

ऑपरेशन झालं, आई वाचली. पण ते वाक्य सुनंदाताईंच्या कानात राहिलं असावं.

संध्याकाळी शिफ्ट सुटून फोन हातात आल्यावर बिराजदार थेट दवाखान्यात आले. सासूपाशी बसले, डॉक्टरांना भेटले, औषधं आणली, सगळं रीतसर केलं. मग बाहेरच्या बाकावर येऊन बायकोला विचारलं, "आलीस कशी गं?"

"मॅडमच्या स्कूटरवर."

"पावसात?"

सुनंदाताईंनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "गाडी खालीच हुबी होती," त्या म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. बिराजदारांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता ते नेहमीचं वाक्य येणार. पण ते नुसतेच किल्लीकडे बघत राहिले.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये जॅकचा आवाज. मी गॅलरीतून पाहिलं तर बिराजदार गाडीची चारी अलॉय उतरवत होते आणि त्यांच्या जागी काळी लोखंडी चाकं चढवत होते. जुन्या बाजारातून आणलेली, एकावर पांढऱ्या खडूनं कुणाचं तरी नाव लिहिलेलं. पेन्शनर देशपांडे काठी टेकत खाली आले. सोसायटीत एवढी मोठी घटना बऱ्याच दिवसांत घडली नव्हती.

"बिराजदार, चाकं कुठं निघाली?"

"कोटिंगला," बिराजदार म्हणाले. "नवा थर चढवायला लई दिवस लागत्यात."

बायकोलाही त्यांनी तेच सांगितलं. वर म्हणाले, "आता ही लोखंडाचीच हायत, तर तेवढ्यात शिकून घे."

मधे मी त्यांच्याकडे शिऱ्याची वाटी द्यायला गेले होते. सुनंदाताई केर काढत होत्या. पलंगाची चादर त्यांनी जरा उचलली आणि मला खुणेनं दाखवलं. चारी अलॉय गोधडीत गुंडाळून पलंगाखाली निजवलेली.

"रोज मीच झाडते की इथून," त्या हळूच म्हणाल्या. "मला दिसणार न्हाईत व्हय?"

"मग बोलला नाहीत?"

"कामून बोलू? एवढा खोटं बोलायला शिकला माणूस. बोलू द्या."

शिकवणी आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटिंगमध्ये सुरू झाली. तिथे रस्ते झालेत, फुटपाथ झालेत, घरं व्हायचीत. सुनंदाताईंची अट एकच, मॅडम मागच्या सीटवर पाहिजेत. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. बहुधा साक्षीदार म्हणून.

पहिल्या दिवशी गाडी उड्या मारत बंद पडत राहिली. बिराजदार पुढे बघून "क्लच... क्लच... हळू सोड" म्हणत होते. दुसऱ्या रविवारी गाडी जरा पळाली, वळणावर सुनंदाताईंचा हात कमी पडला आणि डावीकडचं पुढचं चाक फुटपाथला लागलं. घर्रर्र करत लांबपर्यंत घासत गेलं. तो आवाज माझ्या दातांत शिरला. बिराजदारांनी डोळे मिटले होते. गुडघ्यावरची बोटं आत वळली होती, पार पांढरी पडली होती.

गाडी थांबली. सुनंदाताईंनी स्टिअरिंग सोडलं आणि हात मांडीवर ठेवले. नवऱ्याकडे बघायची त्यांची छाती होईना.

"घासलं," त्या म्हणाल्या.

बिराजदारांनी डोळे उघडले. "लोखंड हाय ते. चल, पयला गिअर टाक."

"बगा तरी उतरून."

"काय बगायचं त्यात? मागचा येऊन हॉर्न मारील. चल."

मागे कुणी नव्हतं. दूरवर एक म्हैस होती, ती शांत उभी होती.

त्यानंतर तो फुटपाथ पुष्कळदा घासला गेला. बिराजदारांचे डोळे मिटायचे हळूहळू कमी झाले. पावसाळा गेला, थंडी पडली, सुनंदाताईंना लायसन्स मिळालं. एका रविवारी त्या म्हणाल्या, आज मी एकटी आईकडं जाते. बिराजदारांनी टायरची हवा बघितली, पाण्याची बाटली ठेवली, आरसा सारखा केला. मग तो नवऱ्याच्या उंचीला सारखा झाला म्हणून सुनंदाताईंनी पुन्हा केला. गाडी गेटमधून बाहेर पडली आणि वळली.

मी भाजी आणायला निघाले होते. बिराजदार जिन्याच्या पायरीवर मोबाईल अगदी नाकाशी धरून बसलेले. मला बघून त्यांनी सरकून जागा दिली.

"बगा मॅडम, हिनं ते लोकेशन चालू करून दिलंय." नकाशावर एक लहान ठिपका होता. "कुरुळीच्या पुढं गेली. हळू चालवायली. बरोबर चालवायली."

मी पिशवी घेऊन शेजारी बसले. ठिपका सरकत होता. मग सरकायचा थांबला.

बिराजदारांनी मोबाईल हलवला. "थांबली कामून?"

"सिग्नल असेल."

"तिथं सिग्नल न्हाई." ते उठून उभे राहिले. पुन्हा बसले. फोन लावायला बोट पुढे केलं, मागे घेतलं. "चालवताना फोन उचलायला गेली तर?" स्वतःशीच म्हणाले. "न्हाई, नको." इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"अहो, रस्त्याच्या कडंला पेरू चांगले दिसले, आईसाठी घ्यायला थांबले. तुमच्यासाठी घेऊ का?"

बिराजदारांनी बाहीनं कपाळ पुसलं. मी दुसरीकडे बघितलं.

"घे की," ते म्हणाले. "पिकलेले बघून घे. आणि निवांत ये. आईपाशी बस जरा, स्वयंपाकाची घाई करू नको."

फोन बंद झाला. ते नकाशाकडे बघत राहिले. जरा वेळानं ठिपका हलला तेव्हा त्यांनी मला कोपरानं हळूच ढोसलं आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.