व्हायोलिनवाली आणि पोहणारी

वेबसाइटने बारकीला कॉलेजात प्रवेश मिळण्याची शक्यता साठ टक्के सांगितली, आणि आईबाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"साठ म्हणजे बरेच की," बारकी म्हणाली.

"म्हणजे चाळीस टक्के नापास!" बाबा म्हणाले. बाबा विमा एजंट. माणसाला आधी घाबरवायचं आणि मग धीर द्यायचा, हा त्यांचा धंदा. घरी मात्र ते घाबरवण्यापाशीच थांबत.

वास्तुकलेच्या त्या कॉलेजात जागा अगदी मोजक्या, आणि लहानपणापासून खोक्यांची घरं बांधणाऱ्या बारकीला दुसरं काही नकोच होतं. वेबसाइटवर गुण आणि छंद भरले, की ती बाकीच्या इच्छुकांशी तुलना करून टक्के काढून द्यायची. बाकीच्यांची नावं दिसत नसत, पराक्रम तेवढे दिसत.

पोरीला व्हायोलिन येत असतं तर? बाबांना राहवेना. विचारायला काय जातंय! त्यांनी ऑफिसात बसून एक खोटी मुलगी नोंदवली: गुण जरा जास्त, व्हायोलिनमध्ये बक्षीस. तिला मिळालेले टक्के बघून हळहळले आणि नोंद पुसायची विसरले.

संध्याकाळी आईने पाहिलं, तर बारकी पन्नासवर.

"अगं बाई! कुणी व्हायोलिनवाली टपकलीये!"

आईचा धीर सुटला. पोहण्याने किती फरक पडेल हे बघायला तिनेही गुपचूप एक पोहणारी नोंदवली. बारकी आणखी घसरली. ते पाहून बाबांनी धावणारी आणली, आईने बुद्धिबळ खेळणारी. आपण एक-दोन खोट्या घातल्या खऱ्या, पण बाकीच्या तर खऱ्याच आहेत ना, या भीतीने दोघांची झोप उडाली.

"शीक जरा त्या व्हायोलिनवालीकडून!" आई जेवताना म्हणाली. "नाहीतर तू! बसलीये खोकी कापत."

बाबांना ठसका लागला. "व्हायोलिनवालीचं सोड गं. ती पोहणारी महाभयंकर आहे."

आता आईला ठसका लागला.

आकडा नऊवर आला, तेव्हा बारकीने ताट सरकवलं. "मी अर्जच करत नाही. कशाला हसं करून घ्यायचं?" म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

आईला ते बघवेना. "रडू नकोस गं. ती पोहणारी मी आहे."

"काय?" बाबा उठूनच उभे राहिले. "मग व्हायोलिन मी!"

"आणि धावणारी?"

"तीही मीच. बुद्धिबळ?"

आईने मान खाली घातली. बारकीने डोळे पुसत एकेकीला पुसून टाकलं. आकडा वर आला, पण साठवर काही पोचेना. डोंगर चढणारी एक मुलगी नवीनच येऊन बसली होती.

"तुझी शपथ, ही माझी नाही," दोघं एकदम म्हणाले. म्हणजे ही खरी.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची मैत्रीण आली, डोळे सुजवून. वर्गात पहिली येणारी पोरगी. "मी ते कॉलेज सोडलं गं," ती म्हणाली. "व्हायोलिनवाली काय, पोहणारी काय! त्यांच्यापुढे माझा कुठे निभाव लागणार?"

आईने बारकीकडे बघून डोळे मोठे केले. बाबा छताकडे बघू लागले. नुसतं गप्प बसलं, तरी वर्गातली पहिली वाटेतून बाजूला होत होती. बारकीला मोह झाला, चांगलाच झाला. तिने मैत्रिणीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं.

"व्हायोलिनवाली हे बाबा आहेत," ती म्हणाली. "पोहणारी आई. तू अर्ज कर."

मैत्रीण आधी बघतच राहिली, मग हसता हसता रडू लागली. आईने कपाळावर हात मारला.

"आता भ्यायचं ते एकीलाच," बारकी म्हणाली. "ती डोंगर चढणारी. ती मात्र खरी आहे."

मैत्रिणीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ते आमचे आजोबा," ती म्हणाली. "त्यांना जिनासुद्धा चढवत नाही."