तांब्याच्या पातेल्यातले पाव

पाव करणं काही कोर्टातली फाइल शोधण्याइतकं अवघड नाही, असं देवरामकाकांनी रविवारी सकाळी जाहीर केलं. ठाण्याच्या कोर्टात तीस वर्षं फायली शोधून निवृत्त झालेला माणूस, त्यांना कोण अडवणार? पीठ ते आईच्या तांब्याच्या पातेल्यात भिजवणार होते. त्यातलंच पाणी ते रोज पितात आणि आपल्या तब्येतीचं सगळं श्रेय त्याला देतात. पातेल्याची कल्हई उडून दहा वर्षं झाली होती. मीराकाकूंना ते पातेलं नौपाड्याच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात डोळ्यांसमोर नको होतं. पीठ फुगलं नाही तर पातेलं माळ्यावर जाणार आणि काका फिल्टरचं पाणी पिणार, अशी त्यांनी अट घातली. काकांनी ती हसत मान्य केली.

त्यांनी पातेलं चिंचेने घासून लख्ख केलं, मैद्यात यीस्ट आणि वाटीभर आंबट ताक घातलं आणि नऊ वाजता पीठ झाकून ठेवलं. अकराला पीठ होतं तिथेच. एक वाजता ते रुसून बसल्यासारखं दिसायला लागलं.

काकांनी गॅलरीत जाऊन योगिनीला फोन लावला. ही त्यांची पुतणी. यीस्ट विषारी धातूंना कसं तोंड देतं यावर पीएचडी करते, आणि संध्याकाळी पावभाजीला तीच येणार होती. एका मित्राचं पीठ फुगत नाही, असं काकांनी सांगितलं.

"मित्राने तांब्याच्या भांड्यात भिजवलंय का?"

"असेल. मला काय माहीत."

मग तिने समजावलं. आंबटामुळे तांबं पिठात उतरतं, आणि फार झालं की यीस्टला ते विषच. पेशीला हे लगेच कळतं. ती वाढणं थांबवते, तांबं धरून ठेवणारं प्रथिन बनवते आणि त्याचा बंदोबस्त झाला की पुन्हा कामाला लागते. याला किती तास लागतील सांगता येत नाही, कधीकधी यीस्ट मरतंही. मित्राला म्हणावं, ते पीठ खाऊ नका.

काकू भाजी आणायला गेल्या होत्या. काकांनी पातेलं उचलून कपाटात साड्यांच्या कप्प्यात कोंबलं, बेकरीतून पावाच्या दोन लाद्या आणल्या, लोणी लावून तव्यावर भाजल्या आणि घाम पुसला.

संध्याकाळी काकूंनी पाव खाल्ला. मग म्हणाल्या की चांगले झालेत, राहू दे पातेलं. काकांना जरा लाज वाटली, पण पातेलं वाचलं होतं. योगिनी खाली मान घालून खात होती.

तेवढ्यात कपाटात झाकण पडलं. काकूंनी दार उघडलं, तर पीठ पातेल्याबाहेर येऊन त्यांच्या पैठणीवर आरामात पसरलं होतं. काका खुर्चीतून उठले.

"फुगलं! बघ, फुगलं की नाही? माझं पातेलं आहे ते!"

मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हातातल्या पावाकडे गेलं.

"हे कुठले मग?" काकूंनी शांतपणे विचारलं.

काकांनी हातातला पाव पाठीमागे लपवला. काकूंनी पैठणीवरचं पीठ दोन बोटांनी उचललं आणि योगिनीकडे वळल्या.

"काय गं, समोर संकट दिसलं की तुझं ते यीस्ट काय करतं?"

"आधी गप्प बसतं, काकू."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका माळ्यावर चढायची शिडी आणायला गेले.